सरकणारे खिसे

लोक दुकानात शिरले की माल बघतात. मी फळीची कड बघतो. लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघं एका मोठ्या दुकानात गेलो होतो, तेव्हा मी जमिनीवर गुडघे टेकून सगळ्यात खालच्या फळीची कड बोटाने चाचपत होतो आणि बायको चार पावलं लांब जाऊन उभी राहिली होती. हा माणूस आपल्याबरोबर आहे हे कुणाला कळू नये, एवढीच तिची इच्छा होती. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. हल्ली ती लांब जात नाही. मापं लिहून घेते, आणि मी चुकलो की तिथल्या तिथे सांगते.

आमचा धंदा काय ते सांगितलं की पाहुणे हातातला कप खाली ठेवतात. दुकानातल्या फळीच्या कडेला नाव आणि किंमत लिहिलेली चिठ्ठी असते ना, ती चिठ्ठी ज्यात बसते ती वस्तू आम्ही बनवतो. चिठ्ठी छापणारे वेगळे, फळी बनवणारे वेगळे, माल तर आणखी कुणाचा. आमचं फक्त चिठ्ठीचं घर. "एवढ्यावर भागतं?" असं एक तरी जण विचारतोच. भागतं. जगात फळ्या पुष्कळ आहेत.

आणि गंमत अशी की दोन फळ्या सारख्या नसतात. काचेची फळी पातळ, लाकडाची अंगठ्याएवढी जाड, पत्र्याची कड पुढे येऊन खाली वळलेली, आणि तारेच्या जाळीला तर कडच नसते. मग दुकानदार काय करतो? चिकटपट्टी लावतो. महिन्याभरात ती पिवळी पडते, कोपरे उचकटतात, आणि काढायला गेलं की निम्मी फळीवरच राहते. कुणाला भिंतीवरची वाकडी तसबीर बघवत नाही, तसं माझं चिकटपट्टीचं आहे. परक्याच्या दुकानातही मी नखाने खरवडत बसतो आणि मग बायको मला दंडाला धरून बाहेर काढते.

म्हणून माझ्या डोक्यात एक खूळ शिरलं. एकच पट्टी करायची, जी कुठल्याही कडेला बसेल. स्क्रू नको, गोंद नको. मागच्या बाजूला लवचिक जबडा, तो काचेलाही धरेल आणि लाकडालाही. पुढच्या बाजूला एक खाच, आणि त्या खाचेत बसणारे छोटे पारदर्शक खिसे. खिशात चिठ्ठी घालायची आणि माल हलला की खिसा बोटाने सरकवून मालाखाली न्यायचा. चिठ्ठी फाडायची नाही, परत चिकटवायची नाही. ऐकायला सोपं वाटतं. सोप्या वस्तू करताना नाकी नऊ येतात, हे ज्यांनी कधी काही केलंय त्यांनाच माहीत.

प्लॅस्टिकची शीट तापल्या तारेवर धरून वाकवायचं काम बायकोचं. शीट कधी मऊ झाली ते तिला बघून कळतं, मला घड्याळ लावूनही कळत नाही. (मला वाकवायचंही तिला चांगलं जमतं, पण तो विषय वेगळा.) चौदा नमुने फुकट गेले. कुठे जबडा काचेला तडा देई, कुठे लाकडावरून निसटे, कुठे खिसा खाचेत अडके. पंधरावा जमला. जबडा सगळीकडे बसला आणि खिसे इतके गुळगुळीत चालू लागले की मी बायकोला बोलावून फुंकर मारून दाखवली. खिसा खरोखरच जरासा हलला.

"बघ," मी म्हणालो.

"बघितलं," ती म्हणाली. "आता त्याचं जावळ काढायला न्या." ती कौतुक कधीच सरळ करत नाही.

आमच्या घरापासून दोन थांब्यांवर एक मोठं दुकान आहे, अकरा रांगांचं. तिथला मॅनेजर तिशीतला, शर्टाच्या खिशात कायम घडी घातलेली यादी. त्याने पट्टी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "तिसरी रांग देतो. तीन महिने बघू. चाललं तर उरलेल्या दहाही रांगा तुमच्या." तिसरी रांग म्हणजे साबण, टूथब्रश, दाढीची पाती, क्रीमच्या नळ्या. सगळा बारीक माल. दोन बोटांच्या अंतरावर एक चिठ्ठी. अवघड रांग मुद्दाम दिली होती, आणि मला तेच हवं होतं.

तिसऱ्या रांगेत माल लावणाऱ्या बाई एकोणीस वर्षं त्याच दुकानात होत्या. किडकिडीत बांधा, ॲप्रनच्या खिशात दोन पेनं, हात असे चालायचे की बघत राहावं. सगळे त्यांना ताई म्हणत, मीही म्हणू लागलो. सकाळी सहा ते दुपारी दोन ही त्यांची पाळी. पट्ट्या बसवल्या त्या दिवशी त्यांनी एक खिसा करंगळीने ढकलून पाहिला.

"चांगली आहे," त्या म्हणाल्या. "पण फारच हलकी चालते हो."

"तीच तर खुबी आहे," मी म्हणालो. त्या दिवशी मी घरी जाताना शीळ घालत होतो.

दुसऱ्याच आठवड्यात मॅनेजरचा फोन आला. गिऱ्हाईक चिठ्ठी बघून टूथब्रश उचलतं आणि पैसे देताना किंमत निराळीच निघते. रोज दुपारी दोन-चार तरी भांडणं. मी धावत गेलो. प्रत्येक जबडा ओढून पाहिला, घट्ट होता. एकही खिसा तुटला नव्हता, एकही पडला नव्हता. चिठ्ठ्यांचा क्रम अगदी बरोबर, ओळ सरळ, फक्त प्रत्येक चिठ्ठी आपल्या मालाच्या एक घर डावीकडे. म्हणजे माल आणि चिठ्ठ्या दोन्ही शिस्तीत, आणि दोघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही.

"तुमच्या वस्तूत काही बिघाड?" मॅनेजरने विचारलं.

"छे, लावणाऱ्यानेच एक घर चुकवलंय," मी म्हणालो. वाक्य किती सहज गेलं तोंडातून.

"मग तसं लिहून द्या. पाहणीचा कागद असतो आमचा."

मी लिहून दिलं. पट्टीत दोष नाही, चिठ्ठ्या लावताना हलगर्जीपणा. खाली सही केली, तारीख घातली, आणि अक्षर चांगलं आलं म्हणून जरा खूशही झालो.

महिनाभर हेच चाललं. मॅनेजरचा फोन, माझी फेरी, सगळं घट्ट, चिठ्ठ्या एक घर डावीकडे. चौथ्या फेरीला, सकाळी अकराच्या सुमारास, मी तिसऱ्या रांगेत वाकून बसलो होतो तेव्हा ताई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. हातात साबणांचा खोका होता. तो त्यांनी सावकाश खाली ठेवला.

"हलगर्जीपणा," त्या म्हणाल्या. "चांगला शब्द शोधलात."

मी फळीवरचा हात काढला.

"मला ताकिदीचा दुसरा कागद दिला ना, त्याला तुमचा कागद टाचून दिलाय. पहिला कागद नुसता तक्रारींवर होता. दुसरा तुमच्या सहीवर. आता तिसरा आला की मला घरी बसवणार. इथे चौथा कागद नसतो." मग त्यांनी डावा तळहात माझ्यापुढे धरला. तळव्यावर पेनाने बारीक रेघा ओढल्या होत्या, सहा ओळींत. "ही एक ओळ म्हणजे एक फळी. सकाळी आल्या आल्या एकेक चिठ्ठी बघते. चुकलेल्या असतात, नीट करते आणि हातावर रेघ मारते. विसरायला नको म्हणून. आत्ता बघा, आहे का एकही चुकीची?"

मी बघितलं. एकही नव्हती.

"आणि दुपारी चारला गिऱ्हाईक ओरडतं," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी घरी असते. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर खरंच सगळं चुकलेलं. मीच केलेलं असणार ना? दुसरं कुणी या रांगेला हात लावत नाही." आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "माझ्या आईचं पन्नाशीतच सुरू झालं होतं. आधी वस्तू भलतीकडे ठेवायची. मग माणसं ओळखेना. मला पुढच्या वर्षी पन्नास पूर्ण होतील." मग एकदम खोका उचलला. "जाऊ द्या. तुमचं काम चालू द्या."

त्या दिवशी मी शीळ घातली नाही. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने तापली तार बंद केली आणि माझ्याकडे वळली.

"तुम्ही चार वेळा गेलात आणि चारही वेळा पट्टी तपासलीत."

"मग काय तपासणार?"

"आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं," ती म्हणाली. "पट्टी तुमची, म्हणून ती गुणाची. बाई परकी, म्हणून ती वेंधळी. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊन आलात, तेही सुवाच्य अक्षरात."

मला राग आला. खरं बोललेल्याचा येतो तसा. पण रात्रभर एकच गोष्ट डोक्यात फिरत राहिली. सकाळी अकराला बरोबर. दुपारी चारला चूक. आणि दर वेळी डावीकडेच का? विसरणारं माणूस कधी उजवीकडेही चुकेल की नाही? मला असल्या गोष्टींचं कुतूहल सुटत नाही, आणि खरं सांगायचं तर त्या रात्री आधी कुतूहलच वाटलं, ताईंची काळजी नंतर वाटली. हे काही भूषण नाही, पण तसं झालं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घराची प्रयोगशाळा झाली. दुपारी दुकान तापतं म्हणून पट्टी फुगून खिसे सरकत असतील, असं वाटून मी एक पट्टी चुलीजवळ टांगली. काही नाही. त्या रांगेच्या पाठीमागे थंड पेटीचं यंत्र घुरघुरतं, त्याच्या थरथरीने सरकत असतील म्हणून एक पट्टी कपडे धुण्याच्या यंत्रावर बांधली आणि दोन वेळा चादरी धुतल्या. खिसे थोडे हलले, पण कुणी डावीकडे, कुणी उजवीकडे. पंख्यासमोर धरली. मुलं खेळतात तशी बोटं फिरवून पाहिली. बायको जेवायला हाक मारून थकली. "त्या बाईचं आयुष्य टांगणीला आणि हे चादरी धुतायत," एवढं म्हणून तिने चादरी वाळत घातल्या.

इतक्यात मॅनेजरचा निरोप आला. शुक्रवारी तिसरा कागद द्यायचा विचार आहे, वरून विचारणा झालीय. सोमवार होता.

मंगळवारी सकाळी सहाला मी दुकानात हजर झालो. ताईंनी फळ्या नीट केल्यावर मी प्रत्येक खिशाच्या मागे पट्टीवर पेन्सिलीची बारीक खूण केली, दिसणार नाही अशी. मग उलट्या क्रेटवर बसलो. बसलो म्हणजे सात तास बसलो. लहान मुलं आली, त्यांनी टूथब्रश ओढले, खिशांना हात लावला नाही. ढकलगाड्या घासून गेल्या, पट्ट्या ढिम्म. एका आजीबाईंनी मला दुकानातला नोकर समजून केसाला लावायचा रंग विचारला, मी तो शोधून दिला. ताई आपलं काम करत होत्या आणि अधूनमधून माझ्याकडे बघत होत्या, आता हा माझी आणखी कुठली चूक लिहून घेतोय अशा नजरेने. दीड वाजला. पाळी संपत आली, आता काय घडणार, म्हणून मी कंबर धरून उठलो आणि घरी गेलो.

चारला मॅनेजरचा फोन. मी पुन्हा पळालो. खुणा सोडून प्रत्येक खिसा डावीकडे गेला होता, दोन-दोन बोटं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. फक्त डाव्या टोकाचा खिसा पुढे जायला जागा नाही म्हणून तिथेच होता आणि त्याचा शेजारी त्याला येऊन चिकटला होता. ही चिकटलेली जोडी मी याआधी तीन वेळा पाहिली होती आणि तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

"दीड ते चार," मी घरी येऊन म्हणालो. "त्या वेळात काहीतरी होतं."

"दीड ते दोन त्या काय करतात?" बायकोने विचारलं.

"काय करणार? जायची तयारी."

"जायची तयारी म्हणजे?"

"अगं, तयारी म्हणजे तयारी."

ती माझ्याकडे बघत राहिली. सव्वीस वर्षांत ती असं बघते तेव्हा मी काहीतरी मूर्खासारखं बोललेलो असतो, हे मला पाठ झालंय. "बाई कामावरून उठायच्या आधी काय करते ते मला विचारा," ती म्हणाली. "मी स्वयंपाकघरातून बाहेर पडायच्या आधी काय करते?"

"दिवा घालवतेस."

"त्याच्या आधी."

मी आठवू लागलो. रोज डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट, पण आठवेना. शेवटी तीच म्हणाली, "ओटा पुसते."

बुधवारी आम्ही दोघं गेलो. सव्वाएकला तिसऱ्या रांगेच्या टोकाला उभे राहिलो, साबण निवडत असल्यासारखे. दोनला दहा मिनिटं असताना ताई मागच्या नळावरून फडकं पिळून घेऊन आल्या. नळ उजव्या बाजूला, म्हणून सुरुवात उजव्या टोकापासून. डावा हात पुढे, तो फळीच्या आत जाऊन मागे राहिलेला माल कडेपर्यंत ओढत होता. नजर त्या हातावर. आणि उजव्या हाताने, न बघता, सवयीने, ओलं फडकं फळीच्या कडेवरून फिरत मागून येत होतं. माझे खिसे त्या फडक्याबरोबर जरासे जात, मग सुटत. एक, दुसरा, तिसरा. दीड-दीड बोट. डावीकडे. शेवटपर्यंत गेल्यावर त्या परत उजव्या टोकाला आल्या आणि पुन्हा एकदा सगळं पुसलं. दुसऱ्या वेळी खिसे आणखी थोडे गेले.

मला सापडलं होतं! मी ओरडणारच होतो. तोंड उघडलंही होतं. बायकोने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आवाज तिथेच विरला.

बरं झालं विरला. कारण मग माझ्या लक्षात आलं की मला नक्की काय सापडलंय. एकोणीस वर्षं ही बाई घरी जायच्या आधी फळीची कड पुसत होती. कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्याच रांगेत कुणी पुसत नव्हतं. चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या तोवर त्या पुसण्याने काही बिघडत नव्हतं. मग मी आलो, फुंकरीने हलणारे खिसे घेऊन. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की फारच हलकी चालते, आणि मी ते कौतुक म्हणून घेतलं. कागद आल्यावर बिचारी जास्त जपून काम करायला लागली, दोनदा पुसायला लागली. जितकं जपावं तितकी चूक वाढत गेली. मला इतकी लाज वाटली की मी तिथेच साबणाच्या फळीला धरून उभा राहिलो.

आम्ही सरळ मॅनेजरच्या खोलीत गेलो. मी सांगितलं, पट्टीवर करून दाखवलं, त्याचाच रुमाल ओला करून. त्याने दोन वेळा करायला लावलं. माणूस वाईट नव्हता. "अच्छा," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा उजळला. "मग सोपं आहे. त्यांना सांगतो, पुसू नका."

"पुसू नका?" माझा आवाज चढला. "अहो, तुमच्या अकरा रांगांत एकच कड स्वच्छ असते आणि तुम्ही तीच बंद करायला निघालात? दोष पुसण्याचा नाही, माझ्या पट्टीचा आहे. आणा तो पाहणीचा कागद."

"वर गेलेला कागद परत येत नाही."

"मग त्याच्या मागोमाग दुसरा पाठवा."

त्याने कोरा कागद काढला, पण लगेच दिला नाही. "तुम्ही असं लिहून दिलंत तर उरलेल्या दहा रांगांचं मला आत्ता काही सांगता येणार नाही. वर विचारतील, सदोष वस्तू कशाला घ्यायची."

दहा रांगा म्हणजे आमचं जवळजवळ वर्षभराचं काम होतं. मी बायकोकडे बघितलं. ती मॅनेजरच्या टेबलावरचं पेन उचलून माझ्यापुढे धरून उभी होती.

मी लिहिलं. आधीची पाहणी चुकीची होती. दोष पट्टीचा, माल लावणाऱ्या बाईंचा नाही. त्यांनी चिठ्ठ्या रोज अचूक लावल्या. त्यांना दिलेले दोन्ही कागद माझ्या चुकीमुळे दिले गेले, ते रद्द करावेत. या वेळी अक्षर गिचमिड आलं. मॅनेजरने वाचलं, दोनदा वाचलं, शिक्का मारला आणि म्हणाला, "शुक्रवारचा कागद निघणार नाही. मागच्या दोन्हींचं मी स्वतः बोलतो."

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "केसांच्या चापासारखं करू. दाबला तर सुटेल, नाहीतर धरून बसेल. खिशाच्या मागे एक जीभ कापायची. मग पुसा, झटका, काय वाटेल ते करा." सोळावा नमुना तिने तिथे चालता चालता केला, आणि मला तो ऐकताच कळलं की हा बरोबर आहे. पण तेव्हा त्याचा आनंद करायची हिंमत नव्हती.

ताई मागच्या खोलीत बाकावर बसून चपला बदलत होत्या. ॲप्रन अजून अंगात होता. आम्हा दोघांना एकदम आत आलेलं बघून त्यांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, झालं, तिसरा कागद.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. फडकं, खिसे, दोन बोटं, कागद. त्या ऐकत होत्या, पण चपलेकडे बघत.

"म्हणजे मी नीट लावत होते," त्या शेवटी म्हणाल्या.

"रोज."

"एकही दिवस चुकले नव्हते?"

"आमच्या हिशेबाने एकही नाही. काल तर मी खुणा करून बघितलं."

"मी विसरत नाहीये."

"नाही ताई."

त्यांनी मान वर केली. मला वाटलं रडतील. रडल्या नाहीत, तापल्या. "पाच वेळा आलात तुम्ही! क्रेटवर दिवसभर बसलात! एकदा तोंड उघडून विचारलं नाहीत, की ताई, जायच्या आधी काय करता? मी सांगितलं असतं की!"

"चुकलो," मी म्हणालो. "माफ करा."

"करीन," त्या म्हणाल्या. "आज नाही."

मग त्यांनी पिशवीतून फोन काढला. नंबर दोनदा चुकला. आम्ही निघू लागलो तर त्यांनी हाताने थांबवलं. पलीकडे कुणीतरी बोललं.

"मी बोलतेय. ऐक. बाळाला उद्यापासून माझ्याकडे आण. दुपारी मी मोकळी असते. तू कामावर जा... हो, मीच म्हणाले होते जमणार नाही. आता जमेल... अगं, तसं काही नव्हतं... मला सांगता येत नाहीये." आणि एकदम त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "माझी लेक आहे. तुम्हीच सांगा. तुम्ही केलंय, तुम्हीच निस्तरा."

मी फोन कानाला लावला.

"कोण बोलतंय?" पलीकडून एका तरुण बाईचा घाबरलेला आवाज.

"मी... दुकानातल्या फळ्यांना पट्ट्या असतात ना, त्या बनवतो."

"काय?"

याहून चांगली सुरुवात मला सुचली नाही. मी तिला खिसे सांगितले, फडकं सांगितलं, आई रोज सगळं बरोबर करत होती आणि माझ्या पट्टीमुळे ते रोज चुकत होतं, हे सांगितलं. आईला वाटलं आपणच विसरतोय, आजीसारखं होतंय, हेही सांगितलं. पलीकडे मागे एक तान्हं बाळ कुरकुरत होतं.

"म्हणून ती बाळाला घेत नव्हती?" मुलगी म्हणाली. "आली तरी लांब बसायची. मांडीवर दिलं की लगेच परत द्यायची. मला वाटलं, मुलगी झाली म्हणून..." "मी महिनाभर तिच्याशी धड बोलले नाहीये. तिला द्या ना फोन."

मी दिला. ताई नुसत्या ऐकत होत्या. बायको खिडकीकडे तोंड करून उभी होती आणि पदराने डोळे पुसत होती. मी कुठे बघावं हे मला कळत नव्हतं.

"विसरून कुठेतरी ठेवून दिलं असतं तिला, तर?" ताई फोनमध्ये म्हणाल्या. "गॅसजवळ, नळाखाली... मला रोज तेच दिसायचं... नाही गं. वेडी आहेस का, मुलगी झाली म्हणून कशाला... बरं. बरं, आता रडू नकोस, ती उठेल. नको, उद्या नको. मी आत्ताच निघते."

त्यांनी फोन पिशवीत टाकला. एका पायात दुकानातली चप्पल, दुसऱ्या पायात घरची, तशाच उठल्या आणि आमच्याकडे न बघता दारातून निघून गेल्या.